खळीचा वास

वडिलांचं घर विकलं तेव्हा दोघी बहिणींनी सामान एका लोखंडी कंटेनरमध्ये भरून गोदामाच्या आवारात ठेवलं. कोणी काय न्यायचं यावरून त्यांचं फाटलं आणि तीन वर्षं बोलणंच खुंटलं. शेवटी थोरलीने वाटणीची यादी केली आणि धाकटीला निरोप धाडला. ती आली, पण तोंड वळवून उभी राहिली. रखवालदाराने कुलूप काढलं. दार करकरत उघडलं तसा आतून खळीचा आणि चामड्याचा वास आला. वडील घरीच पुस्तकांची बांधणी करायचे. शाळेतून आल्यावर दारात आधी हाच वास भेटायचा. थोरलीच्या हातातली यादी हातातच राहिली. धाकटी भर्रकन आत शिरली. "ताई, आत ये आणि दार लाव," ती म्हणाली. "का गं?" "वास निघून जाईल." थोरलीने दार ओढून घेतलं. अंधारात वडिलांच्या पलंगावर धाकटीने सरकून तिला जागा केली.