पडून राहिलेला माल

सकाळी अकरा वाजता कामतघरच्या चाळीत कुणाल कन्सल्टिंग कंपनीच्या मुलाखतीचा सराव करत होता. कारणांच्या फांद्या मांडायच्या आणि एकेक छाटत जायची. प्रश्न मोठी बहीण सुकन्या देत होती.

"एका शेठनं दिवाळीला माल ठेवला. लगेच नेतो म्हणाला, अजून आला न्हाय. का?"

"दोन फांद्या. येता येत नाही, किंवा यायचंच नाही. आजारी आहे?"

"ठणठणीत हाय."

"फोन उचलतो?"

"आता न्हाय."

"दुसरा माल बघितला का त्यानं?"

"बघितलाय म्हणतात."

"मग सोपंय, ताई! त्याला हा माल नकोच आहे. भंगारात काढा." कुणाल खूश झाला. "कसं जमलं?"

"बरोबर हाय."

&nbsp;

दिवाळीला नवऱ्याने माहेरी आणून सोडलेल्या सुकन्याने दुपारी पहिल्यांदाच बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले.