नेतृत्वाचे गुण

"परदेशातल्या तुमच्या वकिलातीवर बॉम्ब पडलाय. माणसं मेलीत. कुणी टाकला ते अजून कळलेलं नाही. अध्यक्ष म्हणून तुम्ही पहिल्यांदा काय कराल?"

प्रश्न विचारून कुंदाताई तायडे खुर्चीत मागे टेकल्या. धुळ्यातल्या एका वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीतला कार्यक्रम चालला होता. साल चौऱ्याऐंशी, ऑक्टोबरचा शेवटचा दिवस. पुढच्या मंगळवारी अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती आणि इथे तिथल्या दोन उमेदवारांच्या जागी कॉलेजची दोन मुलं उभी होती. कुंदाताई राज्यशास्त्र शिकवायच्या, म्हणून परीक्षक त्याच.

त्यातला रुपचंद क्षणभरही अडखळला नाही. "आमची लढाऊ जहाजं निघतील! जो देश अपमान गिळतो, त्याला इतिहासात जागा नाही!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

मग पुनाची पाळी आली. तो बोदवडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो टेबलाची कड धरून उभा राहिला.

"आता नाही सांगता येणार, मॅडम," तो म्हणाला. "त्या दिवशीच कळेल."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सगळे हसले. कुंदाताईंनाही हसू आलं. नेतृत्वाच्या वीस गुणांपैकी रुपचंदला त्यांनी अठरा दिले, पुनाला पाच.

निकाल सांगायला त्या उठणार, एवढ्यात ग्रंथपाल धावत आत आले. दिल्लीत पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या होत्या.

अमेरिकेची निवडणूक तिथेच राहिली. दिवसभर सगळे ग्रंथपालांच्या रेडिओभोवती बसून होते. संध्याकाळी आकाशवाणीनं सांगितलं, इंदिराबाई गेल्या. गोळ्या घालणारे त्यांचेच शीख रक्षक होते, हे तोवर सगळ्या गावाला कळलं होतं.

कुंदाताई रिक्षानं घरी निघाल्या. दुकानं बंद होती. बायका दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. आग्रा रोडला लागल्यावर रिक्षावाल्यानं वेग कमी केला.

"मॅडम, मागे वळवू का? पुढचं काही खरं दिसत नाही."

पुढे करतारसिंगाचा ढाबा होता. समोर माणसं जमली होती. काहींच्या हातात काठ्या होत्या, एकाकडे रॉकेलचा डबा. करतारसिंग दारात उभा होता. त्याची बायको त्याच्या पाठीमागे.

आणि दोघांच्या पुढे, रस्त्याकडेच्या खाटेवर, मांडी घालून पुना बसला होता. हातात चहाचा ग्लास.

"ऊठ रे पोऱ्या!" कुणीतरी ओरडलं.

"कसाले उठू, भाऊ? चहा पी ऱ्हायनू ना."

"तुले काही लाज शे का नही? बाई मरी गई आनि तू त्याना चहा पेस?"

पुनानं ग्लास तोंडाला लावला. एक दगड आला आणि त्याच्या कानाजवळून जाऊन खाटेमागच्या बिस्किटांच्या बरणीवर आदळला. बिस्किटं आणि काचा खाटेवर सांडल्या. त्यानं हातानंच त्या बाजूला सारल्या. ग्लास रिकामा होता, हे कुंदाताईंना आता दिसलं. तो रिकामाच ग्लास पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होता.

रस्त्याच्या पलीकडे रुपचंद स्कूटर धरून उभा होता. कुंदाताईंना पाहताच तो रिक्षाकडे धावला.

"मॅडम, काहीतरी करायला पाहिजे. कुणीतरी मोठं माणूस हवं इथे. त्याचं ऐकतील लोक."

खोटं बोलत नव्हता तो. खरंच मोठं माणूस शोधत होता. कुंदाताईंनी रस्त्यावर मागे-पुढे पाहिलं. पोलिसांची जीप नव्हती. नगरपालिकेतलं कुणी नव्हतं. माणसं मात्र त्यांच्याकडे वळून पाहत होती. कॉलेजातल्या बाई, एवढं तर त्यांना बरेच जण ओळखत होते.

रिक्षातून उतरताना त्यांना फक्त एवढंच जाणवलं, की आपल्याला घरी जायचंय.

त्या गर्दीतून चालत गेल्या. वाट कुणी दिली नाही, पण अडवलंही नाही. खाटेवरच्या काचा पदरानं झटकून त्या पुनाच्या शेजारी बसल्या.

"मॅडम, तुम्ही कशाला?" पुना पुटपुटला.

"करतारसिंग," त्या म्हणाल्या. "एक चहा."

करतारसिंगानं स्टोव्हवर आधण ठेवलं. स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मग स्कूटर स्टँडवर लावल्याचा आवाज आला. रुपचंद मान खाली घालून आला. "सरक," म्हणाला आणि खाटेच्या टोकाला बसला. खाटेचा सुंभ करकरला.

रॉकेलवाला थोडा मागे झाला. दोघं-तिघं आपापल्या वाटेनं निघून गेले. बाकीचे उभेच होते. त्यांच्यातला आधारआबा नावाचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा एकाएकी हुंदके देऊन रडायला लागला. "गई रे मनी इंदिराबाई," तो म्हणत होता, "गई रे."

करतारसिंगानं आतून दुसरी खाट आणली आणि गर्दीसमोर टाकली. तोही रडत होता.

आबा खाटेकडे पाहत राहिला. मग हातातली काठी त्यानं खाटेखाली सरकवली आणि जड अंगानं बसला.

"साखर कमी टाकजो," तो म्हणाला.