आभाराचं पॅकिंग

तीन वर्षांच्या सेवेसाठी केनियाला निघण्याआधीच्या रविवारी मी लेकीला कडेवर घेऊन चर्चच्या मंडळीचे आभार मानायला उभी राहिले. आमची मंडळी राहनाळला गोडाऊनच्या माळ्यावर भरते आणि निम्म्याहून जास्त जण त्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहेत, हे मी विसरलेच.

"या ढोलकीमुळे मी गायला लागले," म्हटलं, तर जीवनभाऊंनी ढोलकी बबल रॅपमध्ये गुंडाळली. "या पंख्याखाली माझी लेक शांत झोपली," म्हटलं, तर पंखा खाली उतरला.

"पास्टर, थांबवा ना यांना!"

"आधी त्या बाकाबद्दल बोलून घे," पास्टर टेप दातांनी तोडत म्हणाले, "टेम्पो खाली उभा आहे."

खरं तर एकच नाव घ्यायचं राहिलं होतं. लेकीला जन्मापासून सांभाळणाऱ्या गुणामावशी. त्यांच्याशिवाय तिकडे हिचं कसं होणार, या काळजीनं तेच नाव मी पुढे ढकलत होते.

मागून खोकल्याचा आवाज आला. फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात गुणामावशी पाय दुमडून बसल्या होत्या.

"माझा नाव घेतेस का न्हाय गो?" त्या म्हणाल्या. "पायाला मुंग्या आल्या."