चिमटीतलं सूत

"फोटो वापस घेऊन जा, हर्षा," भैय्याजी म्हणाले. "समितीत कोणी तयार नाई."

कोसा रेशीम विणणाऱ्या त्या सोसायटीत एक जुनी रीत होती. सूत पारखणारा वारला की तेरवीनंतर त्याचा फोटो सूतघराच्या भिंतीवर लागे. गोपीचंदचा फोटो हर्षाच्या मांडीवर पालथा पडला होता.

"बाबानं सारा जनम इथंच काढला, काका."

"अन् शेवटी? सडकं सूत पास केलं. सारा माल वापस आला. मंग गेटवर बसवा लागला त्याले." भैय्याजी अध्यक्ष होते, पण गोपीचंदचे जुने सोबतीही होते. त्यांचा आवाज उतरला. "चहाच्या गिलासानं बोटं भाजून जात, तरी समजे नाई. तोंड काळंठिक्कर पडलं होतं. दारूच ते, बेटा."

"पेताना पाह्यलं तुमी?"

मागावर बसलेला सेवकराम तिथूनच हसला. "पेणारा का दाखवून पेते? दिवसभर लवंग चावे, ते कायले? दर महिन्याले एकटाच नागपूरले जाये, ते का देवदर्शनाले?"

हर्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. "काका, पहिल्यांदा कोणं सांगतलं तुमाले?"

भैय्याजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मालननं."

मालनबाई सूतघरात हर्षाच्या वडिलांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. दर राखीला ती त्यांच्या हाताला राखी बांधे. गोपीचंद डोळे मिटून सूत चिमटीत फिरवायचे आणि कुठल्या धाग्यात दम नाही ते सांगायचे, तेव्हा ती म्हणायची, "माह्या भावाच्या बोटाले डोळे आहेत." ते गेटवर गेले, आणि सूतघरातल्या त्यांच्या खुर्चीवर मालनबाईचा मुलगा ईश्वर बसला. हर्षाला आता सगळं नीट दिसलं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी वडिलांना गेटवर बसवलं. त्याच वर्षी तिची सोयरीक कोंढ्याला जुळली होती. वडील लग्नात दूर, मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. पुढे गुड्डी झाली. तिलाही त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही. तोंडाला वास असेल म्हणून, असं सासू म्हणे. हर्षाला माहेरी तो वास कधीच आला नव्हता. पण तिचं कोण ऐकणार? परवा गुड्डीने हट्ट केला, तेव्हा सासू म्हणाली, "दारुड्याची नात, दुसरं का होणार!" हर्षाने तेव्हाच पिशवी भरली होती. फोटो भिंतीवर लागल्याशिवाय ती कोंढ्याला परतणार नव्हती.

मालनबाई अंगणात तांदूळ निवडत होती. हर्षाला पाहून तिने सूप बाजूला सारलं.

"ये बाई. गुड्डी बरी आहे ना? अंगानं चांगली आहे?"

"उद्या समितीसमोर चाल, आत्या."

"कायले?"

"सारं खोटं बोलली होती म्हणून सांगाले. बाबा पेत नव्हता. ईश्वरसाठी तू त्याची खुर्ची खाल्ली." हर्षाचा आवाज चढला नाही, फक्त फुटला. "राखी बांधे ना तू त्याले? भाऊ म्हणे ना? गेटवर बसून बसून मेला तो. येणारा-जाणारा त्याच्या तोंडाचा वास घे."

मालनबाईने पदराने हात पुसले.

"हात जोडतो तुह्यापुढं, आत्या. एकदा सांग. माह्या पोरीसाठी तरी सांग."

"सांगीन ना. गोपीभाऊनं थेंबही चाखला नाई, असं सांगीन." मालनबाईने तिच्याकडे पाहिलं. "मंग भैय्याजी विचारन, बोटं भाजली तरी त्याले समजे काहून नाई. तेव्हा का सांगू?"

हर्षाचे जोडलेले हात खाली आले.

"तुले पाहाले कोंढ्याचे पाव्हणे येणार होते. आदल्या दिवशी त्यानंच मले सांगतलं, मालन, गावभर कर, गोपी पेते म्हणून. दारुड्याची पोरगी लोक करून नेतात, महारोग्याची कोणी नेत नाई."