ताडाखालची बैठक

कैनाड गावच्या लडक्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्याची लघवी बंद झाली. आठवड्यातून दोनदा वापीला जाऊन तो मशीनवर रक्त साफ करून घ्यायचा. दिवसाला अर्धा लिटर पाणी. ताडी कायमची बंद. ताडीपेक्षा त्याला ताडाखालची संध्याकाळची बैठक आठवायची. वर्षभराने तो तिथे गेलाच. त्याला पाहताच सगळ्यांनी पेले पाठीमागे लपवले. “मी ताडीला नाय आलो, तुम्ही प्या ना!” “तुझ्यासमोर घशाखाली उतरत नाय रे,” त्याचा लहानपणचा सोबती जीवन म्हणाला. पाहुण्याला विचारावी तशी तब्येत विचारून एकेक करत सगळे उठले. दुसऱ्या संध्याकाळी ताडाखाली कोणीच नव्हतं. ओढ्यापलीकडून आवाज येत होते. लडक्या तिकडे निघाला, पण अलीकडच्या काठावरच बसला. जीवन सासरच्या कोंबड्याचा जुना किस्सा सांगत होता. शेवटाला पलीकडे हशा पिकला; इकडे लडक्याही हसला.