शाळेपुढची बोगनवेल

त्र्याहत्तरच्या चैत्रात पाथर्डीकडच्या त्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा की नाही, हे ठरवायला तालुक्याहून साहेब आले आणि जीपमधून उतरताच शाळेपुढच्या बोगनवेलीकडे बघतच राहिले. वेल बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लालभडक फुलली होती.

“प्यायला पाणी नाही म्हणता, मग ही कशी फुललीय?”

वेल लावणारा शाळेचा शिपाई कानिफनाथ हात जोडून पुढं झाला. “साहेब, चार म्हैने झालं, थेंब न्हाई घातला तिला. पानी तोडलं का लई फुलती ती. तिची जातच तशी हाय.”

साहेब मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नव्हता. कानिफनाथच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “इतकी छान वेल राखतोस, मग खोटं कशाला बोलतोस? पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांना घेऊन पुन्हा पाहणीला येतो. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही.”

टँकरच्या अर्जावर ‘तूर्त गरज नाही’ असं लिहून ते गेले.

कानिफनाथची बायको रंगूबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन सगळं ऐकत होती. जीपचा धुरळा खाली बसल्यावर ती म्हणाली, “अवं, पंधरा दिसांत गळंल का वं ह्यो फुलोरा?”

“ऊन तापंल तशी आनखी फुलंल.”

“मंग थांबायची तरी कशानं?”

कानिफनाथ तिच्या हंड्याकडं बघत राहिला.

“पानी घातलं का थांबती.”