हारुकाच्या हातचं

मिशन बेच्या किनाऱ्यावर हारुकाच्या स्टॉलपुढे दोन टूरिस्ट बायका थांबल्या. हारुका बिडाच्या पात्रात सळईने जपानी ताकोयाकी उलटत होती. दिसायला थेट आपले आप्पे, फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा. तिने हसून एक गोळा चव बघायला पुढे केला. त्या बायकांतली एक नाक मुरडून दुसरीला इंग्रजीत म्हणाली, "नको गं, ही माणसं आत काय काय घालत असतील, देव जाणे." आणि दोघी शेजारच्या चिप्सवाल्याकडे वळल्या.

सुनेच्या मदतीला येऊन नॅपकिनच्या घड्या घालत बसलेल्या मृणालिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बघितलंस? चाखायच्या आधीच नावं ठेवून मोकळ्या! सकाळपासून पोर माझी उन्हात राबतेय, इतक्या प्रेमानं पुढे करतेय, आणि ह्यांची नाकं वर! काय वाईट आहे गं तुझ्या हातात? थांब, मला काही इंग्रजी येत नाही असं नाही. चांगली खडसावूनच येते त्यांना!"

त्या तरातरा निघाल्यासुद्धा. हारुकाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना हलकेच परत खुर्चीत बसवलं. लग्नानंतर सुयशकडून शिकलेल्या मराठीतले शब्द एकेक करून जुळवत ती म्हणाली,

"राग नको, आई. त्यांना वेळ लागणार. दर गणपतीला मी मोदक करते. तुम्ही पण अजून नाही खाल्ला."